पहिल्या वेलांटीची आजी

वसमतच्या शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवून मी निवृत्त झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात मला दुसरी नोकरी लागली. मालकीण तेव्हा सहा वर्षांची होती, आता नऊची आहे. ती माझी नात, ओवी. नाव मी ठेवले होते. मोठी होऊन ती छंदात राहील अशी भाबडी अपेक्षा होती. आमच्या कारखान्याला एक उपमालकही आहे, तिचा धाकटा भाऊ सोहम, वय वर्षे चार. सामानावर झोपणे हे त्याचे काम, आणि ते तो निष्ठेने करतो. मी मदतनीस. मागच्या ओट्यावर, धुण्याच्या दगडाशेजारी आमचा कारखाना चालतो, आणि ज्याला शहाणी माणसे 'मिश्र माध्यमातील कला' म्हणतात ते तिथे तयार होते. घरात त्याला 'पसारा' म्हणतात.

या अंकाच्या संपादकांना खरे म्हणजे माझ्या शिक्षकी जीवनातले संस्मरणीय प्रसंग हवे होते. ते मी लिहिणार नाही. माझे सगळे संस्मरणीय प्रसंग निरोप समारंभात इतर शिक्षकांनी सांगून संपवले, आणि त्यातले बरेचसे माझ्या बाबतीत घडलेलेही नव्हते. म्हणून या दुसऱ्या नोकरीविषयी लिहिते. पहिल्या नोकरीत मला एकदाही निलंबित केले गेले नाही. दुसरीत ते झाले. त्याची ही हकीकत.

धंद्याची माहिती नसलेल्यांसाठी आधी थोडे सांगते. आमचे चित्र कागदावर क्वचितच होते. त्याला बारदान लागते, म्हणजे हळदीच्या जुन्या पोत्याचा उसवलेला तुकडा. त्याला नाक लावले की माती, ताग आणि उकडलेली हळद असा तिहेरी वास येतो. उन्हाळा तोंडावर आला आणि कुरुंद्याकडून वारा सुटला की अख्ख्या वसमतला हाच वास असतो. बारदानावर मैद्याची कोमट खळ थापायची. ती बोटांच्या बेचक्यांत शिरून थंड होत जाते, तेव्हा हात कुणीतरी दुसऱ्याने धरल्यासारखा वाटतो. त्या खळीवर सरकीसकट कापूस, उसाची चिपाडे, एस.टी.ची तिकिटे, फुटक्या बांगड्या, आणि आमच्या 'यांचे' रबरी शिक्के. हे सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या कार्यालयात आवक-जावक लिपिक होते. निवृत्त होताना त्यांनी जुने, मोडीत काढलेले शिक्के रीतसर अर्ज करून मागून आणले. ओवीने त्या शिक्क्यांतून आबांचे, म्हणजे यांचेच, चित्र केले: दोन्ही कानांवर 'आवक' आणि तोंडावर 'प्रलंबित'. यांनी ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, "बराबर हाय."

रंगांत आमचा मुख्य रंग हळद. हळद मानी असते. उन्हात टाकली की न सांगता उडून जाते. आणि तिला साबण, सोडा किंवा चुना लागला की ती पिवळी राहत नाही, लाल होते. कुंकूही असेच तयार होते. पांढऱ्या साडीवर वरण सांडून तिला साबण लावलेल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असते, आणि वसमतच्या बाईला तर जन्मापासून ठाऊक असते. वाचकांनी हे वाक्य अधोरेखित करावे. परीक्षेला येणार आहे.

माझ्यात या कामासाठी एकच उणीव होती. एकतीस वर्षे लाल पेन धरलेला हात रिकामा बसत नाही. ओवीने काढलेल्या मांजराला तीन पाय असले की मी चौथा जोडत असे. सूर्य घराच्या दारात असला तर त्याला उचलून आकाशात नेत असे. ती दर वेळी तो परत दारात आणून ठेवी. सूर्य दुपारी पाणी प्यायला आला होता, एवढेच तिचे म्हणणे असे. तरीही आमचे जमत होते. मग किशनशेठ आले.

किशनशेठांचे मोंढ्यात हळदीचे आडत दुकान आहे. त्यांचा नातू युवराज ओवीच्याच शाळेत, तिच्याच वर्गात. एका संध्याकाळी ते हातात फुगलेली पिशवी घेऊन आले आणि ओट्याच्या कडेला बसले.

"बाई, युवराजला शाळेनं प्रकल्प दिलाय. टाकाऊतून टिकाऊ."

"मग करू द्या की त्याला."

"तो काय करतो, बाई. लेकरू हाय ते." त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. "टाकाऊ सामान मी आणलंय. समदं नवंच हाय. चांगल्यातलं."

पिशवीत न वापरलेले कागदी पेले होते, न उघडलेल्या टिकल्यांची पाकिटे होती आणि कापडाच्या दुकानातून नव्याने कापून आणलेल्या चिंध्या होत्या.

"दोनच गोष्टी बघा," किशनशेठ म्हणाले. "एक म्हंजे, नंबर यायला पाह्यजे. आन् दुसरी, लेकरानं केल्यावाणी दिसायला पाह्यजे. मागल्या साली दुकानातून करून आणलं, तर मॅडम म्हणल्या हे मोठ्या मानसाचं काम हाय. लई तकलीफ झाली आमाला."

नकाराचा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तेवढ्यात ते म्हणाले, "लेकरावाणी काढणं तुमच्याबिगर कुणाला जमत न्हाई, बाई." निवृत्तीनंतर माझ्याविषयी इतके नेमके कुणी बोलले नव्हते. मी पिशवी आत नेली.

मोर केला. शालेय प्रकल्पात मोर दिसला नाही की परीक्षकांना चुकल्याचुकल्यासारखे होते. डाव्या हाताने केला. एक पाय आखूड ठेवला, चोच थोडी चुकवली, एक पीस उलटे लावले आणि नीट विचार करून निवडलेल्या जागी खळीचा एक ओघळ सोडला. इतकी निष्पाप चीज मी आयुष्यात इतक्या कावेबाजपणे केली नव्हती. स्नेहसंमेलनात युवराजला पहिला क्रमांक मिळाला. परीक्षकांचा शेरा होता, 'बालसुलभ निरागसता'. ओवीने आबांचे तेच शिक्क्यांचे चित्र ठेवले होते. त्यावर शेरा होता, 'विषय स्पष्ट नाही'.

ओवी त्या मोरासमोर खूप वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आजी, हा तू केलास."

"कशावरून?"

"याचं वाकडं एकसारखं आहे."

काव्यशास्त्राच्या अभ्यासात मी रसभंगाच्या अनेक व्याख्या पाठ केल्या होत्या. त्यांपैकी एकही याच्या जवळपास येत नाही.

घरी आल्यावर तिने वहीचे पान फाडून करार लिहिला: 'माझ्या चित्राला आजीने हात लावायचा नाहि.' मी सही केली. सही करण्यापूर्वी 'नाहि'ची वेलांटी दुरुस्त केली. यांनी त्यावर 'आवक' असा शिक्का मारला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. करार किती दिवस टिकणार हे त्यांना तिथेच कळले असावे. किशनशेठांनी कृतज्ञता म्हणून घरच्या हळदीचा मोठा डबा पाठवला. तो मी फडताळात न ठेवता ओट्यावर, रंगांमध्ये ठेवला. स्वयंपाकात घालण्याचे धाडस झाले नाही.

फेब्रुवारीत हिंगोलीच्या एका साहित्य-कला मंडळाचे पत्रक आले. मराठी भाषा दिनानिमित्त जिल्हास्तरीय बालचित्र प्रदर्शन, विषय 'नाती'. पत्रकात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी त्या दुरुस्त करून पत्रक शीतकपाटावर लावले.

ओवी आठ दिवस त्या चित्रावर खपली. मला पाहू दिले नाही. मी खळ शिजवून देत होते आणि उंबऱ्याशी ठेवून परत येत होते. आठव्या दिवशी तिने हाक मारली, "ये. हात मागं."

मी हात मागे बांधून उभी राहिले. तीन हात लांबीचे बारदान होते. त्यावर मधोमध मी होते, नखशिखांत हळदीची. केसांना सरकीसकट कापूस लावला होता, आणि सरक्या मुद्दाम ठेवल्या होत्या, कारण माझे सगळेच केस अजून पिकलेले नाहीत. चष्मा फुटक्या बांगड्यांचा. पदराच्या काठाला एस.टी.ची तिकिटे, वसमत-हिंगोली, हिंगोली-वसमत. उजवीकडच्या खांद्यावर सोहम झोपलेला होता. त्याला त्याच्याच जुन्या झबल्याचे कापड लावले होते आणि गाल माझ्या खांद्यावर इतका दाबलेला होता की त्याचे तोंड उघडे पडले होते. खांद्याच्या वर, डावीकडून सुरू होऊन थेट सोहमच्या डोक्याला भिडणारा, वीतभर उंचीचा एकच शब्द हळदीने लिहिला होता:

आजि

माझ्या डोळ्यांत पाणी आले. आणि त्या पाण्यातूनही मला वेलांटी दिसली.

"ओवी, त्या शब्दाकडे पुन्हा एकदा बघ बरं."

"बघितलं."

"काही वाटतं?"

"छान वाटतं."

मराठी न शिकलेल्या वाचकांसाठी, आणि शिकून विसरलेल्यांसाठी, सांगते. 'आजी'ला दुसरी वेलांटी असते. ती अक्षराच्या उजवीकडे उतरते. पहिली डावीकडे उतरते. इतकाच फरक आहे, आणि या एवढ्या फरकावर माझे घर चालले. मराठी भाषा दिनाला, जिल्ह्याच्या ठिकाणी, माझ्या निवृत्त मुख्याध्यापिका येणार होत्या. सहकारी येणार होते. आणि दोन पिढ्यांचे विद्यार्थी येणार होते, ज्यांना मी चुकलेला शब्द पाच वेळा लिहायला लावला होता. चुकलेला शब्द पाच वेळा, ही माझी प्रसिद्ध शिक्षा. पंचवीस वर्षांपूर्वीची माणसे बाजारात भेटली तर नमस्कार करताना पाच बोटे दाखवून हसतात. त्या सगळ्यांसमोर मी स्वतः भिंतीवर टांगली जाणार, आणि माझ्या डोक्यावर पहिली वेलांटी.

मी यांना विचारले. यांनी वर्तमानपत्र खाली न घेता सांगितले, "आवक झालेल्या कागदात खाडाखोड चालत न्हाई."

"ती खाडाखोड नाही, दुरुस्ती आहे."

"आमच्या खात्यात दोन्हीला एकच शब्द होता."

चित्र नेण्याच्या आदल्या दिवशी दुपारी ओवी शाळेत होती. सोहम आत पसरला होता. सून बँकेत, मुलगा दौऱ्यावर. ओट्यावर ऊन होते आणि भिंतीला टेकून मी, हळदीची मी, स्वतःकडे पाहत होते. एका वेलांटीचा प्रश्न होता. डावीकडची काढायची, उजवीकडे घालायची. मी पदराचे टोक ओले केले. हळद निघाली नाही, पसरली. आणखी घासले, आणखी पसरली. तेव्हा धुण्याच्या दगडावरची साबणाची वडी हाताशी होती.

मला ठाऊक होते. वर लिहिलेच आहे की वसमतच्या बाईला जन्मापासून ठाऊक असते. पण हात वेलांटीकडे निघाला होता, आणि एकतीस वर्षांत तो अर्ध्यातून कधी परतला नव्हता.

आधी केशरी झाले. मग विटकरी. मग तागाच्या धाग्याधाग्यांतून लाल रंग निवांत चालत निघाला, जणू त्याला सगळी दुपार मोकळी होती. तो 'ज'वरून उतरला, कापसाच्या केसांत शिरला आणि माझ्या कपाळाच्या मध्यावर येऊन थांबला.

भांडी घासायला आलेल्या गयाबाई मागे उभ्या होत्या. गयाबाई माझ्या शाळेत सातवीपर्यंत होत्या.

"बाई, हळदीला साबन लावला?"

"हं."

"काहून वो? लेकरं बी लावत न्हाईत."

"वेलांटी चुकली होती."

गयाबाईंनी चित्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "चुकली कुठं? बराबर तुमीच हाव." मग नळ सोडता सोडता, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "निबंधात मला बी 'आजी' पाच बार लिव्हायला लावलं व्हतं तुमी. त्याच आठवड्यात माझी आजी वारली व्हती. म्या म्हनलं, पाच बार लिव्हलं तर काय येती का वापस. पर लिव्हलं."

भांड्यांचा आवाज सुरू झाला. तो निबंध मला आठवत नव्हता. शुद्धलेखनाची चूक तेवढी आठवल्यासारखी वाटली.

साडेपाचला ओवी आली. दप्तर न काढता चित्रासमोर उभी राहिली.

"आजी, लाल पेन घेतलास?"

"नाही. साबण होता."

"एकच आहे ते," ती म्हणाली.

ती रडली असती तर मला काहीतरी काम मिळाले असते. ती रडली नाही. मी म्हणाले, "बाळा, आजीला दुसरी वेलांटी असते. उजवीकडे."

"माहीत आहे मला. उजवीकडे सोहम झोपलाय."

"म्हणजे?"

"दुसरी काढली असती तर ती त्याच्या डोक्यात गेली असती ना. झोपलेल्याच्या डोक्यात कोण वेलांटी घालतं?"

मी पाहिले. खरेच 'ज' आणि सोहमचे डोके यांच्या मध्ये बोटभरही जागा नव्हती. डावीकडे होती.

यांनी तोपर्यंत फाइलीतून करार काढून आणला होता. "कलम एकच होतं," ते म्हणाले, "तेबी तुमाला पाळता आलं न्हाई."

मी उपाय सुचवले. लाल भागावर कापूस लावू. झबल्याचा तुकडा लावू. ओवीने सगळे फेटाळले. "लाल तुझं आहे. ते झाकायचं नाही. तू लिहून दे, मी चित्राशेजारी लावणार. आणि कारखान्यात यायचं नाही."

"किती दिवस?"

"सांगीन."

मी पाटीवजा पुठ्ठ्यावर माझ्या सर्वोत्तम अक्षरात लिहिले: 'या चित्रावरील लाल डाग मुलीच्या आजीने केला आहे. त्यास मुलीची परवानगी नव्हती.' खाली पूर्ण नाव, आणि ओवीच्या आग्रहावरून, 'निवृत्त मराठी शिक्षिका'. शुद्धलेखन निर्दोष होते. यांनी शिक्का मारला, 'जावक'.

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.ने निघालो, औंढ्यावरून हिंगोलीला. बारदानाची गुंडाळी माझ्या मांडीवर होती आणि तिच्यातून दर खड्ड्याला हळद आणि साबण असा मिश्र माध्यमाचा वास उठत होता. ओवी खिडकीशी बसली होती. वाटेत ती फक्त सोहमशी बोलली.

सभागृहात मंडळाचे पदाधिकारी एकमेकांना हार घालत होते. भिंतींवर जिल्ह्याची नाती टांगलेली होती. बहुतेक चित्रांत आई, बाबा आणि मुले हातात हात घालून उगवत्या सूर्यासमोर उभी होती, आणि बऱ्याच चित्रांतल्या रेषा मी ओळखल्या: मोठ्या माणसांचे डावे हात. आमचे चित्र खांबामागे लागले होते. मी मनातून खांबाचे आभार मानले. पण प्रमुख पाहुणे नेमके खांबामागेच गेले. ते निवृत्त प्राध्यापक आणि समीक्षक होते. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पुठ्ठा वाचला, आणि मंडळाच्या अध्यक्षांना कानात काही सांगितले. दोघा जणांनी आमचे चित्र काढून व्यासपीठावर नेले.

भाषणात ते म्हणाले, "आपण इथे ऱ्हस्व पाहतो. आजि. ही चूक समजणारे समजोत. जुन्या मराठीत 'आजि' म्हणजे आज. या नऊ वर्षांच्या मुलीने एका मात्रेच्या संकोचातून 'आजी'ला 'आज'मध्ये आणून उभे केले आहे. कालची स्त्री, आजचा काळ."

तो अर्थ मलाही ठाऊक होता. मी तो वर्गात शिकवला होता. आठ फूट अंतरावरून मला तो सुचला नव्हता, आणि तशाही अवस्थेत मला त्या माणसाचा मत्सर वाटला.

"आणि कपाळावर उतरलेला हा रक्तिमा," ते पुढे म्हणाले, "पिढ्यान्पिढ्यांच्या मूक स्त्रीवेदनेचा हुंकार आहे. शेजारचा हा कबुलीजबाब म्हणजे तर कळस. इथे कर्ताच स्वतःला आरोपी करतो. अशी रचना मी मोठमोठ्या प्रदर्शनांतही पाहिलेली नाही."

ओवी माझ्याकडे झुकली. दिवसभरात पहिल्यांदाच. "हे कुणाच्या चित्राबद्दल बोलून राहिले?"

मला वाटले, हीच वेळ आहे. मी उभी राहिले. माझ्या मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत होत्या. मी म्हणाले, "सर, तो धुण्याचा साबण आहे. मी वेलांटी दुरुस्त करायला गेले होते. मुलीने नको सांगितले होते. पुठ्ठ्यावर लिहिले आहे ते तसेच्या तसे खरे आहे."

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापिका शेजारणीला म्हणाल्या, "पहिल्यापासून अशीच आहे, श्रेय म्हणून घेत नाही." प्रमुख पाहुण्यांनी मला दुरून हात जोडले. एकतीस वर्षे मी मुलांना सांगत आले की शुद्ध लिहिले म्हणजे अर्थ पोहोचतो. इतके शुद्ध मी कधीच लिहिले नव्हते.

ओवीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. पायऱ्यांवर किशनशेठ भेटले. युवराजचेही चित्र होते, सूर्यासमोरचे.

"बाई," ते आवाज खाली आणून म्हणाले, "औंदा आमच्या लेकराला बी असाच एक डाग टाकून द्या ना."

"तुम्हीच टाका, किशनशेठ. साबण नवा घ्या, चांगल्यातला."

त्यांनी ते मनावर घेतले असे दिसले.

परतीच्या गाडीत ओवीने प्रमाणपत्र उलगडले. भाषा दिनाच्या त्या सोनेरी कागदावर तिचे नाव 'ओवि' असे छापले होते. तिने ते माझ्यासमोर धरले. "हे बरोबर आहे?"

"नाही."

"मग हे छापणाऱ्यांना पाच वेळा लिहायला लाव."

"आधी माझे होऊ दे," मी म्हणाले. सहज म्हणाले होते. पण तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले, आणि मला कळले की शिक्षा ठरली आहे.

"पाच वेळा काढ," ती म्हणाली. "माझं चित्र. नीट आलं की कामावर ये."

अटी कडक होत्या. प्रत्येक चित्र हळदीचे. तपासणी ओवी करणार. तपासण्यासाठी तिने नवीच पद्धत काढली होती: बोट ओल्या साबणावर घासायचे आणि हळदीवर लिहायचे. अक्षरे डोळ्यांदेखत लाल होत. लाल पेन आता तिच्याकडे होता.

पहिले चित्र मी मनापासून काढले. प्रमाणबद्ध, सौम्य, पदराला चुण्या. ओवीने खाली लिहिले, 'पुन्हा'. दुसरे डाव्या हाताने काढले. तिने नुसते एकदा पाहिले. "मोर आला," ती म्हणाली, आणि 'पुन्हा'. तिसऱ्या वेळी मी कसलाही विचार न करण्याचा निश्चय केला आणि तो निश्चय सगळ्या चित्रभर दिसत राहिला. यांनी ते हातात धरून कौतुकाने विचारले, "सिद्धेश्वरचं धरण ना हे? दरवाजे चांगले काढले." ते माझे दात होते.

चौथ्याला दोन दिवस लागले. केस जमले होते, चष्मा जमला होता. ओवीने ते उजेडाकडे धरले, आणि मला आशा वाटू लागली.

"बरं आहे," ती शेवटी म्हणाली. "सोहम कुठाय?"

मी चित्र पाहिले. खांदा होता. खांद्यावर कुणी नव्हते. चारही चित्रांत नव्हते.

पाचवे मी एका रविवारी सकाळी काढायला बसले. बारदान ओट्यावर पसरले, वाटीत हळद कालवली. तेवढ्यात सोहम उठून आला, डोळे न उघडता चार पावले चालला, माझ्या शेजारी बारदानाच्या उजव्या अर्ध्यावर आडवा झाला आणि कामाला लागला. त्याचे डोके माझ्या मनगटाशी होते. श्वासाला दुधाचा आणि झोपेचा वास होता. उठवावे असे एकदा मनात आले. मग उरलेल्या जागेत जेवढे मावेल तेवढे काढले. मी जराशी अरुंद झाले, पाठीतून वाकडी झाले, आणि एका बाजूला सरकले. खांद्यावर त्याला काढायची गरज नव्हती. मी त्याच्या डोक्याभोवती हळदीचे बोट फिरवले, त्याच्या केसांना लागणार नाही इतक्या अंतरावरून.

वर शब्द लिहायचा होता. 'आ' लिहिला. 'ज' लिहिला. उजवीकडे सोहमचे डोके होते. मध्ये बोटभरही जागा नव्हती. डावीकडे होती.

मी पहिली वेलांटी काढली.

ओवी केव्हाची मागे येऊन उभी होती. तिने बोट ओले केले, सोहमवरून वाकली, आणि माझ्या पदराशी जागा शोधून एक शब्द लिहिला. तो लाल व्हायला नेहमीप्रमाणे थोडा वेळ लागला. मी वह्या तपासून झाल्यावर शेवटी जो लिहीत असे तोच शब्द होता तो:

पाहीले

'पाहिले'ला पहिली वेलांटी असते. तिने दुसरी काढली होती. मी हात मागे बांधले.

"उद्यापासून ये," ओवी म्हणाली. "खळ घट्ट कर."